तुळसाला कुणी विचारलंच नाही

जळगाव

प्रिय,

तुम्ही होतात तोवर हा शब्द कधी लिहिला नाही. माहेरी गेले तरी दादाच्या पत्राखाली खुशालीच्या दोन ओळी लिहायच्या, एवढीच आपली पत्रं. आज तुम्ही वाचणार नाही, म्हणून धीर झाला.

पण हे पत्र प्रेमाचं नाही हो. परवा धुळ्याला एक गोष्ट मी नाकारून आले. ती माझी नव्हती, तुमची होती. तुम्हाला विचारायची सोय नव्हती म्हणून न विचारता नाकारली. तेव्हापासून घास उतरत नाही. दादाला सांगावं, तर तो म्हणेल, इंदू, तुला वेड लागलंय. म्हणून तुम्हालाच सांगते, आणि पहिल्यापासून सांगते. तुम्हाला ठाऊक आहे तेही सांगते, कारण ते परवापर्यंत मी तोंडानं उच्चारलेलं नव्हतं. मुंबईहून परतल्यावर तुम्हीच मनाई केली होतीत.

आखाजीचा, अक्षय तृतीयेचा सण होता. नरडाण्याचा आपला दवाखाना रिकामा पडला होता. लेकीबाळी माहेरी आलेल्या, झाडाझाडाला झोके टांगलेले, आणि आपला कंपाउंडर सणासाठी त्याच्या गावी गेलेला. भर दुपारी रामा आबांची बैलगाडी दाराशी येऊन थांबली. गाडीत कडब्यावर गोधडी टाकून त्यांची लेक तुळसा निजवली होती. तीही सणालाच माहेरी आली होती. अंग तव्यासारखं तापलेलं, आणि पोटावरच्या जुन्या टाक्यांशेजारी हा एवढा फुगवटा!

थंडीत तिचं बाळंतपण अडलं, तेव्हा धुळ्याच्या मोठ्या डॉक्टरांनी पोट फाडून मूल काढलं होतं. मूल मेलेलंच निघालं. पोरगी वाचली, पण तेव्हापासून तिचा ताप हटला नाही. आबा तिला घेऊन त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा गेले. शेवटी तर त्यांनी नाडीसुद्धा पाहिली नाही. म्हणाले, "मूल गेल्यानं डोक्यावर परिणाम झालाय हिच्या. घरी न्या, कामाला लावा, आपोआप बरी होईल." त्या डॉक्टरांचं नाव मी या पत्रात लिहिणार नाही. तुमच्याशेजारी ते मला बघवणार नाही.

तुम्ही तुळसाच्या पोटावर हात ठेवलात आणि तुमचा चेहरा पडला. "धुळ्याला नेईपर्यंत आतल्या आत फुटेल," असं आबांना म्हणालात, आणि माझ्याकडे वळलात.

"इंदू, हात धुऊन ये. भूल तू द्यायची."

"मी?"

"दुसरं कोण आहे इथं?"

चुलीवर पाणी उकळेपर्यंत तुम्ही मला शिकवलंत. नाकातोंडावर तारेची जाळी, जाळीवर कापड, त्यावर क्लोरोफॉर्मचा थेंब, मग थांबायचं. श्वास ऐकायचा, पुढचा थेंब. "श्वास अडखळला तर थांब. ओठ निळे दिसले तर ओरड. माझ्या हातांकडे बघू नकोस." मी थेंब मोजत गेले. तुम्ही चीर दिलीत तेव्हा खोलीभर सडका दर्प पसरला. नको म्हणाला होतात तरी मी बघितलं. तुमच्या चिमट्यात काहीतरी लांब, काळपट येत होतं. मला वाटलं, पोरीचं आतडंच बाहेर ओढलंत!

"तिच्या ओठांकडे बघ!" तुम्ही ओरडलात. आपल्या संसारात माझ्यावर आवाज चढवलात तो तेवढा एकदाच.

ते कापड होतं. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त टिपायला घालतात ती घडी. आत राहून गेलेली, वरून टाके घातलेली.

तुळसा जगली. ती उठून बसली, पेज प्याली, तेव्हा आबांनी तुमच्या पायांवर डोकं ठेवलं. तुम्ही मागे सरलात. तुम्हाला आनंद झालेला दिसला नाही. मी विचारलं तर म्हणालात, "आता धुळ्याला जायला हवं."

किती सरळ मनानं गेला होतात! मला निघताना सांगितलंत, "माणसाच्या हातून चुकतं. उद्या माझ्याही हातून चुकेल. त्यांनी फक्त यावं, आणि पोरीच्या सासरी सांगावं की हिच्यात वेड नव्हतं, दुखणं होतं." एवढंच मागायला गेलात. संध्याकाळच्या मोटारीनं परत आलात तेव्हा टोपी खुंटीला न लावता तशीच हातात घेऊन बसलात.

मोठ्या डॉक्टरांनी तुम्हाला चहा पाजला. म्हणाले, "डॉक्टरांची जात एक. घरातलं चव्हाट्यावर न्यायचं नसतं." आणि दाराशी पोचवायला येऊन विचारलं, "तुम्ही एल.सी.पी.एस. ना?" म्हणजे, एम.बी.बी.एस.सुद्धा नाही तुम्ही. पायरी सोडू नका.

तेवढ्यात तुळसाच्या सासरचा निरोप आला, की हिला पाठवू नका. हिला आता मूल व्हायचं नाही असं त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे, जावयाची दुसरी सोयरीक ठरलीसुद्धा. रामा आबा ओट्यावर येऊन बसले. तो ताठ माणूस तुमच्यापुढे ढसाढसा रडला. "डाक्टर, मनी पोरना संसार गया. हाई मी कोनले सांगू?"

तुम्ही कागद ओढलात. मुंबईला डॉक्टरांच्या नोंदीचं मंडळ आहे, डॉक्टर चुकला तर तिथं दाद मागायची असते, असं तुम्ही त्यांना समजावलंत. तक्रार आबांच्या नावानं लिहिलीत, आणि साक्षीदार म्हणून खाली स्वतःची सही केलीत. मी म्हटलं होतं, नका करू. आपल्याला याच मुलखात राहायचंय. आठवतं काय म्हणालात? "मी डोळ्यांनी बघितलंय, इंदू. आता कुठं तोंड लपवू?"

मग आपण सगळे सुरतेवरून मुंबईला गेलो. तुम्ही, मी, आबा आणि तुळसा. तुम्हाला आत बोलावलं, आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर. तुळसानं गाडीत बसल्यापासून पाठांतर चालवलं होतं. "बाई, आधी ताप सांगू का आधी कापड सांगू?" हेच मला विचारत होती. मी म्हणाले, जसं आठवेल तसं सांग. दार उघडलं की ती पदर सावरून उभी राहायची, आणि कुणीतरी साहेब बाहेर पडून निघून गेला की पुन्हा बसायची.

शेवटी आबा शिपायाकडे गेले. "फिर्याद आमनी शे. आम्हले आत बलाव ना, भाऊ."

शिपाई वाईट नव्हता. हळूच म्हणाला, "आजोबा, फिर्याद तुमची असेल, पण इथं डॉक्टर डॉक्टरांशी बोलतात."

तुळसाला कुणीच बोलावलं नाही. जिच्या पोटात ते कापड इतके महिने सडलं, ती दाराबाहेर बसली होती!

आत काय झालं ते तुम्ही परतीच्या गाडीत सांगितलंत. स्पिरिटच्या बरणीत घालून नेलेलं ते कापड त्यांनी लांबूनच पाहिलं. "हे तुमच्याच दवाखान्यातलं नाही कशावरून?" तुम्ही म्हणालात, ती बाई बाहेर बसली आहे, तिला विचारा. "त्याची आवश्यकता नाही." आणि मग एकानं सहज विचारावं तसं विचारलं, "भूल कुणी दिली होती?" तुम्ही सांगितलंत, "माझ्या बायकोनं."

अहो, कंपाउंडरचं नाव का नाही घेतलंत? एक शब्द! त्यानं मान डोलावली असती. तुमच्यासाठी त्यानं काय केलं नसतं? मी गाडीत तुम्हाला हेच विचारलं. तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "खरं बोलायलाच तर गेलो होतो." तेव्हा मला तुमचा जो राग आला तो अजून गेलेला नाही. आज लिहून ठेवते. अजून गेलेला नाही!

निकाल आला. शस्त्रक्रियेत नजरचुकीनं काही राहून गेलं, तर ते धंद्यातलं गैरवर्तन होत नाही, सबब तक्रार काढून टाकण्यात येत आहे. पण नरडाण्याच्या डॉक्टरनं एका अशिक्षित स्त्रीच्या हातून भूल देवविली, हे मात्र गंभीर गैरवर्तन. सबब त्याचं नाव नोंदणीतून काढण्यात येत आहे.

ती अशिक्षित स्त्री मी. पोटात कापड विसरलं ते चाललं. ते काढताना बायकोची मदत घेतली ते चाललं नाही. असला न्याय करायला मुंबईला एवढं मोठं दालन लागतं होय?

दवाखान्याची पाटी तुम्ही स्वतःच्या हातानं उतरवलीत. आपण जळगावला आलो, आणि मारवाडी शेठजींनी तुम्हाला औषधांच्या दुकानात ठेवून घेतलं. शेठजी भला माणूस, तुम्हाला कधी अरे म्हणाला नाही. पण ज्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून तुम्ही बाटल्या काढून द्यायचात, त्यातले काही आपल्या घरी जेवून गेलेले. आता ते दुकानात यायचे तेव्हा तुमच्या डोक्यावरच्या फळ्यांकडे बघत बोलायचे.

नरडाण्याकडची माणसं गाडीनं यायची, पोर कडेवर घेऊन. "डॉक्टरसाहेब, जरा पाहता का?" तुम्ही म्हणायचात, "मी डॉक्टर नाही. पलीकडच्या आळीत जा." मी एकदा डबा घेऊन आले होते तेव्हा पाहिलं. ती बाई वळून गेली, आणि तुम्ही फळीवर ओणवे होऊन तिच्या खांद्यावरच्या पोराचे डोळे न्याहाळत राहिलात, ती गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत. मला आत यायचं धैर्य झालं नाही.

मग ती थंडी. तुमच्या छातीत कफ झाला. दादानं तरुण डॉक्टर बोलावला, तो तुम्हाला आदरानं "डॉक्टरसाहेब" म्हणाला. तुम्ही दम लागलेला असताना त्याला दुरुस्त केलंत, "साहेब नका म्हणू. नाव काढलंय माझं." आणि तापाच्या भरात मला विचारलंत, "मुंबईचं काही आलं का?"

तेव्हा मला कळलं. माझ्या नकळत तुम्ही त्यांच्याकडे अर्ज केला होतात! नाव परत घ्या म्हणून. मला का नाही सांगितलंत? मी हसले असते का? मी म्हटलं, येईल. काही आलं नाही. तुम्ही गेलात.

आता परवाचं.

प्रांतात सध्या निवडून आलेल्यांचं राज्य आहे. आपल्या भागातून निवडून गेलेले धुळ्याचे वकील जळगावला मला शोधत आले. तो डॉक्टरांच्या मंडळाचा कायदा बदलावा असा मसुदा ते करताहेत, आणि लोकांचं म्हणणं ऐकायला धुळ्यात सभा घेणार होते. रामा आबांची दृष्टी गेलीय, पण तोंड शाबूत आहे. त्यांनीच वकिलांना तुमची हकीकत सांगितली. मी म्हटलं, मी येते, पण तुळसा आली तर.

ती आली, एकटी, नरडाण्याहून मोटारीनं. माहेरीच असते. कापूस वेचते, भावजयीची पोरं सांभाळते. अजून "बाई" म्हणते मला.

शाळेच्या मोठ्या दालनात सभा. पुढच्या सगळ्या खुर्च्या डॉक्टरांनी भरलेल्या. आणि पहिलं भाषण कुणाचं? त्यांचंच! ते आता नुसते मोठे डॉक्टर नाहीत, त्याच मंडळावर निवडून गेलेत. ज्यांनी तुमचा निवाडा केला त्यांच्याच रांगेत आता त्यांची खुर्ची आहे. म्हणाले, "डॉक्टराची पारख डॉक्टरच करू जाणे. उद्या तेली, न्हावी आमचा न्याय करायला बसवाल काय?" टाळ्या पडल्या.

मधल्या सुटीत ते माझ्याकडे आले. केस पांढरे झालेत, आवाज मऊ.

"वहिनी, ओळखलंत? डॉक्टरांच्या बाबतीत जे झालं ते नको होतं व्हायला. मी मंडळावर आहे आता. पुढल्या बैठकीत ठराव आणतो, तो निर्णय रद्द करवतो. छापून येईल. त्यांचं नाव स्वच्छ होईल."

तापात तुम्ही जे मागत होतात, ते हा माणूस माझ्यापुढे धरून उभा होता.

"आणि मी काय करायचं?" मी विचारलं.

"काही नाही. ती खेड्यातली बाई तुमच्याबरोबर आहे ना, तिला कशाला त्रास? काहीबाही बोलेल. सुटी संपायच्या आत तिला घेऊन निघा."

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. म्हटलं, "एक करता? तिथं खांबाशी बसलीय ती. तिच्याजवळ जा आणि एवढंच सांगा, की तुळसा, तू वेडी नव्हतीस. मग आम्ही दोघी निघून जातो."

ते म्हणाले, "कोण तुळसा?"

देवाशप्पथ सांगते, ते सोंग नव्हतं. त्यांना खरंच आठवत नव्हतं. तुमचं नाव त्यांना पाठ होतं, कारण तुम्ही त्यांच्या आड आला होतात. पण जिच्या पोटात हात घातला तिचं नाव त्यांना कधी माहीतच नव्हतं!

ते गेले. तुळसाचं नाव पुकारलं तशी ती उभी राहिली, आणि एवढी डॉक्टरमंडळी बघून घाबरून माझ्याकडे वळली. "बाई, बोलू ना मी?"

त्या एका क्षणी तुमचं नाव माझ्या हातात होतं. मी "नको" म्हटलं असतं तर ती निमूट बसली असती.

मी म्हटलं, "बोल."

तुळसा पदर धरून बोलली. "मना पोटमा कापड ऱ्हायनं व्हतं. डाक्टर म्हने, तू येडी शे. या बाईना मालकनी ते काढं. मंग आम्ही मुंबईले गवूत, बठ्ठा दिन बाहेर बसनूत. माले कोनीच इचारं नही." वकिलांनी विचारलं, तुझं मागणं काय? ती म्हणाली, "चौकशी व्हई तठे माले आत बसाडा. आनि मुंबईले नको, आठेच करा. आनि आमनासारखं एखादं मानूस बी तठे बसू द्या."

फिर्यादी आत हवा, चौकशी इथंच व्हावी, मंडळावर डॉक्टर नसलेलाही एक माणूस असावा: अख्ख्या मसुद्यात जे होतं ते तिनं उभ्या उभ्या सांगितलं. पुढच्या रांगेत कुणीतरी फसकन हसलं. तेव्हा कसं कोण जाणे, मी उठून उभी राहिले. मी म्हणाले, "हिला भूल मी दिली होती. नाव इंदिरा. हिचा श्वास चालू राहिला, म्हणून ही आज इथं उभी आहे. याच गुन्ह्यासाठी माझ्या नवऱ्याचं नाव काढलं. हसायचं असेल तर आता मोठ्यानं हसा."

कुणी हसलं नाही. पण म्हणून जिंकलो असं समजू नका! सभेच्या शेवटी डॉक्टरांनी मसुद्याच्या विरुद्ध ठराव केला, आणि आजच्या वर्तमानपत्रात तोच छापून आलाय. तुळसाची त्यात ओळसुद्धा नाही. मोटारस्टँडवर पोचवायला आलेले वकील म्हणाले, "बाई, मसुदा मुंबईला नेतो. पण काय होईल ते सांगवत नाही." मोटार सुरू होताना तुळसानं मला विचारलं, "तो डाक्टर मनाकडे देखे बी नही. मी त्याले कडू बोलनू का, बाई?" अहो, तिला वाटत होतं, तिचंच काही चुकलं!

आता तुम्हाला माझा शब्द देते. तुमचं नाव परत लावा, असा अर्ज मी करणार नाही, दादाला करू देणार नाही. या मसुद्याचं काही झालं नाही, तर पुढचं जे सरकार येईल त्याच्या दारात जाईन, तिथं नाही जमलं तर त्याच्या पुढच्या. बरोबर तुळसा असेल, आणि मी बोलायच्या आधी ती बोलेल. ज्या दिवशी त्या व्हरांड्यातून तिच्यासारखीला आत बोलावतील, त्या दिवशी तुमच्या नावाचं बघू.

तुम्हाला हे पटलं नसेल, तर रागवा. मीही अजून रागावलेलीच आहे. भेटलो की भांडू.

तुमची,
इंदू